अगाथा ख्रिस्ती पहिल्यांदाच वाचतोय, रहस्यकथेपासून सुरू करू की आत्मचरित्रापासून?

रहस्यकथेपासूनच करा, आणि तीही 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९). मी हल्लीच दोन्ही पाठोपाठ वाचली म्हणून सांगतोय, यात गुन्हा उकलणारा डिटेक्टिव्हच नाही, बेटावर अडकलेली दहा माणसं आणि जेवणाच्या टेबलावर दहा छोट्या बाहुल्या, माणूस गेला की एक बाहुली कमी, त्यामुळे आपण पण दर वेळी बाहुल्या मोजत बसतो! आत्मचरित्र (१९७७) नंतर निवांत वाचा, पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या डिस्पेन्सरीत काम करताना विषांची माहिती कशी झाली ते त्यात मस्त आलंय. फक्त १९२६ मध्ये बाई अकरा दिवस गायब होत्या त्याबद्दल वाचायला मिळेल म्हणून घेत असाल तर राहू द्या, त्यावर अवाक्षर नाहीये.