वृद्धाश्रमातल्या सेवेला निघालीस तर

दर रविवारी जाणार म्हणालीस, मनापासून बरं वाटलं. फक्त प्रवचन घरीच ठेव. खुर्ची ओढून समोर बस, उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडू दे आणि चांगल्या कानाच्या बाजूने सावकाश बोल. ओरडू नकोस.

आपण मराठीत प्रार्थना करत असलो तरी तिथल्या बहुतेकांचं देवाशी बोलणं जन्मभर कोकणीतच झालंय. 'आमच्या बापा' आणि मरियामातेची 'नमान मोरिये' या कोकणी प्रार्थना आधी पाठ कर. मुलाचं नाव विसरलेल्या आजीसुद्धा जपमाळ हातात आली की मणी सरकवू लागतात, ओठ हलायला लागतात. अशा वेळी पुढच्या खाटेकडे पळायचं नाही. पूर्ण माळ होऊ दे.

कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, न्यायची जबाबदारी मिळाली तर वृद्ध, आजारी आणि त्यांना सांभाळणारे यांना ती घेण्याआधीच्या एक तासाच्या उपवासाची अट नाही, हे त्यांना सांग. कितीजण उगाच उपाशी बसतात! गिळायला त्रास असेल तर छोटा तुकडा दे, पण नर्सला विचारूनच. तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार, मात्र पाद्रीच देऊ शकतात. शेवटच्या घटकेची वाट न बघता त्यांना कळव. आजार गंभीर झाला की तो घेता येतो, आणि बोलवायला उशीर झाला की मला फार वाईट वाटतं.

३ डिसेंबरच्या, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचं (सणाचं) गोड खाजं नेशील तेव्हा मधुमेह कुणाला आहे ते विचार.

हिंदू आजी असल्या तर प्रार्थना लादू नकोस. त्यांचे केस विंचरून दे, गप्पा मार.