बदला पुरा झाला, मग फैजल का मेला?

तुमचा प्रश्न असा: ‘गँग्ज ऑफ वासेपूर’चे दोन्ही भाग पाहिले, फैजलच्या हातून रामाधीर सिंग मेला म्हणजे हिशेब मिटला, मग डेफिनिट आपल्याच भावाला, फैजलला, गोळी का घालतो? (ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळंच फोडलंय.)

डेफिनिट (हे पात्राचं नाव) फैजलचा सावत्र भाऊ. पाच तासांहून मोठ्या सिनेमात हे निसटतं, त्यात तुमचा दोष नाही. आता दुर्गाला आठवा. बायको नगमा आणि पोरं वाऱ्यावर सोडून फैजलचा बाप सरदार खान तिच्याकडे राहायला गेला, पुढे तिलाही टाकून दिलं. सरदार बंदोबस्ताशिवाय बाहेर पडतोय ही खबर त्याच्या वैऱ्यांना, कुरेशींना, देणारी तीच. डेफिनिट तिच्या पोटचा. फैजल ज्या बापाचा सूड घेतोय, त्याच बापाबद्दल दुर्गाच्या घरात वेगळंच काही शिजत होतं. वरून रामाधीरचा मुलगा जे.पी. सिंग. हा चारचौघांत बापाची बोलणी खाणारा. फैजलच्या हातून बाप परस्पर गेला, डेफिनिटच्या हातून फैजल गेला. गादी कोणाला मोकळी झाली ते बघा.

गंमत म्हणजे डेफिनिट रंगवणारा झीशान कादरी स्वतः वासेपूरचा, मूळ गोष्टही त्याचीच.

खानदानी सूड म्हणून आपण बघतो खरं, पण दर पिढीत मलई खातो तो रामाधीरच. आधी खाणमालक, मग मजुरांचा पुढारी, मग मंत्री. धनबादच्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७१ ते ७३ दरम्यान झालं, तरी अशा माणसांचं काही अडलं नाही. सरदार मात्र डोक्याचा गोटा करून, शपथ घेऊन बसलाय आणि मध्येच दुसरा संसार थाटतोय! बापाच्या खुन्याला, म्हणजे रामाधीरला, मारणं त्याला शेवटपर्यंत जमत नाही.

पहिल्या भागातली छत्री लक्षात आहे? सरदारचा बाप शाहिद खान पोराला घेऊन नातलग नासिरशी मोकळेपणानं बोलतोय, की एक दिवस रामाधीरला संपवून खाण ताब्यात घेईन. दाराशी रामाधीर ऐकतो आणि गुपचूप निघून जातो. आरडाओरडा नाही, धमकी नाही. शाहिदला गोडीनं बनारसला पाठवून तिथे उडवतात. नासिरला रामाधीरची मागे राहिलेली छत्री सापडते, तेव्हा तो लहानग्या सरदारला घेऊन पळतो. एका विसरलेल्या छत्रीमुळे पुढच्या पिढ्यांचा सूड!

इस्पितळातला प्रसंगही पुन्हा बघा. रामाधीर कधीच मेलेला असतो आणि फैजल गोळ्या घालतच राहतो. मला तिथे विजय वगैरे दिसत नाही. प्रेयसी मोहसिनाचा हात न विचारता धरला म्हणून ती रागावते तेव्हा रडवेला झालेला फैजल आणि हा, एकच माणूस. फैजल रंगवणाऱ्या नवाजुद्दीननं कमाल केली आहे.

आणि दुसऱ्यांदा बघाल तेव्हा नासिरवर नजर ठेवा. गोष्ट सांगतो तोच, आणि शेवटी मुंबईत मोहसिना नि फैजलच्या बाळाबरोबर उरतो तोही तोच. शाहिदच्या पोराला सांभाळून झालं, आता हे चौथ्या पिढीचं.