दुबईहून क्रिप्टोने पैसे मागवावेत का?

प्रश्न : मुलगा दुबईला नोकरी करतो, महिन्याला ५०,००० रुपये पाठवतो. आता म्हणतो, यूएसडीटी पाठवतो, तुम्ही मोबाइलवर विका. करावं का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : आमच्या मते नको. यूएसडीटी हे क्रिप्टो चलन, त्याचा भाव डॉलरशी बांधलेला असतो आणि ते काही मिनिटांत पोचतं, हे खरं. अडचण त्याचे रुपये करताना येते. एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो विकण्याच्या अ‍ॅपवर, ५०,००० च्या विक्रीतून १ टक्का टीडीएस, म्हणजे ५०० रुपये कापले जातात. विवरणपत्र भरेपर्यंत ते अडकतात. नफा झाला तर ३० टक्के कर.

मोठा धोका पीटूपीचा, म्हणजे अनोळखी माणसाला थेट विकण्याचा. त्याने फसवणुकीचे पैसे तुमच्या खात्यात टाकले, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक तुमचं खातं गोठवू शकते. तक्रार परराज्यातली असली तर गुहागरहून किती खेपा घालणार? गणपतीच्या तोंडावर असं झालं तर घरखर्चच अडेल.

नेटवर्कही चुकतं, म्हणजे यूएसडीटी ज्या मार्गाने पाठवतात तो. बीईपी-२० आणि ईआरसी-२० हे असे दोन वेगळे मार्ग. मुलाने बीईपी-२० निवडलं आणि तुमचं एक्स्चेंज फक्त ईआरसी-२० घेत असेल, तर पत्ता बरोबर असूनही रक्कम जमा होत नाही.

त्याने बँकेतून किंवा परवानाधारक एक्स्चेंज हाउसमधून (परदेशी पैसे पाठवणाऱ्या दुकानातून) थेट तुमच्या खात्यात पाठवावेत. नुसती फी पाहू नये. तेवढ्याच दिरहमांचे हातात किती रुपये पडतात, ते दोन ठिकाणी विचारावं. मुलाने आईवडिलांना दिलेल्या पैशांवर तुम्हाला आयकर नाही.