गाडी गॅरेजला टाकण्याआधी

पहिल्यांदाच गाडी दुरुस्तीला देतोयस, तर एक गोष्ट मनावर घे: मेकॅनिकला 'ब्रेक पॅड बदला' असं सांगू नकोस. 'ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून कर्र आवाज येतो' असं सांग. निदान त्याला करू दे. आपणच पार्ट सांगितला आणि आवाज तसाच राहिला, तर भांडायला तोंड उरत नाही.

जॉब कार्डवर, म्हणजे गाडी ताब्यात घेताना गॅरेज भरतं त्या कागदावर, किलोमीटरचं रीडिंग, तक्रार आणि अंदाजे खर्च लिहून घे. खाली एक ओळ घालच: 'यापुढचं काम विचारल्याशिवाय करू नये.' जुने पार्ट परत हवेत, हेही आधीच सांग. नव्या ब्रेक पॅडचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो, 3 च्या आसपास आला की बदलायचा. जुना पॅड हातात घेतलास की खरं-खोटं तिथेच कळतं.

बिल फुगलं तर आवाज चढवू नकोस. पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून माग, जॉब कार्डाशी ताडून बघ. मान्य आहे तेवढे पैसे द्यायची तयारी दाखव. दुसरी चावी आणून गाडी गुपचूप काढायचा विचारही करू नकोस. बऱ्याच देशांत मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क मेकॅनिकला असतो. गाडी लगेच हवीच असेल तर पूर्ण पैसे भर, पण बिलावर 'रक्कम अमान्य, तक्रारीचा हक्क राखून' असं लिहून सही कर, फोटो काढ, आणि मग ग्राहक आयोगाकडे जा.