छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड ४३१००१ ही मूळ संख्या आहे का?

नाही, ४३१००१ मूळ संख्या नाही; तिचे मूळ अवयव ३ × ३ × ३ × ३ × १७ × ३१३. कागदावरच पडताळता येतं: अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ४७८८९ येतो. त्याच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे पुन्हा ९ ने भाग, उत्तर ५३२१. हे १७ × ३१३. आता ३१३ ला १७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, कारण १९ चा वर्ग ३६१ होतो. एकानेही भाग जात नाही. एकूण विभाजक २०.

खरी गंमत पुढे आहे. १७ आणि ३१३, दोघांनाही ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते (फर्माचा नियम). अशा दोघांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि उरलेले ८१ (३ × ३ × ३ × ३) म्हणजे ९ चा वर्ग. त्यामुळे हा पिनकोड दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येतो:

५७६² + ३१५²
५४९² + ३६०²

करून बघाच, फार सुंदर जमतं!

एक लक्षात ठेवा: अंकांच्या बेरजेची युक्ती ३ आणि ९ पुरतीच. बेरजेला ३ ने भाग गेला नाही, तर संख्या मूळच आहे असं समजू नका. लातूरच्या ४१३५१२ ची बेरीज १६ येते, पण संख्या सम आहे.