ग्राउंड बीटल बघायला सुरुवात करताय? आधी पाय बघा

भाऊ, पहिल्याच दिवसापासून जातींची नावं शोधत बसू नका, डोकं फिरतं नुसतं. ग्राउंड बीटल म्हणजे जमिनीवर पळणारे भुंगेरे, अन् जशी जागा तसं त्यांचं अंग. म्हणून भुंगेरा कुठे सापडला आणि अंग कसंय एवढंच वहीत लिहा, सुरुवातीला इतकं पुरतं.

१. पाय. तापी-गिरणेच्या वाळूत टायगर बीटल बघा, लांब काटकुळे पाय, बटबटीत डोळे, उघड्यावर पळून शिकार धरायची म्हटल्यावर ते लागणारच. उलट माती उकरणारा स्कॅराइटिस बघा, पुढचे पाय रुंद अन् दातेरी, मधे बारीक कंबर, म्हणून बिळात वळता येतं.

२. जाडी. सालीखाली राहणारे चपटे.

३. पंख. पूर येणाऱ्या नदीकाठी उडणारे जास्त, जिथं जागा वर्षानुवर्षं तशीच राहते तिथं बऱ्याच जातींचे आतले, उडायचे पंख आखूड झालेले. कोरड्या माळावरचा तो मोठा काळा, सहा पांढऱ्या ठिपक्यांचा, तो उडतच नाही, नुसता पळतो. (तोंडाजवळ नेऊ नका त्याला, मागून ॲसिड उडवतो, डोळ्यात गेलं तर बोंबलत बसाल.)

नवीन लोक काय चुकतात, तर अंगणातल्या लाइटखाली सापडलेला किडा तिथलाच धरतात, अहो तो उडत कुठल्या वावरातून आला काय माहीत! दुसरं, बऱ्याच जातींत नराचे पुढचे पंजे रुंद असतात ते मादीला धरायला, त्याचा मातीशी काही संबंध नाही. आणि एका किड्यावरून नियम काढू नका, एकाच जागचे पाच-सात बघा.

मोजमाप, मायक्रोस्कोप सगळं नंतर. आत्ता पावसाळा लागला की वावराच्या बांधावरचे दगड उचलून बघा, फक्त विंचू सांभाळा आणि दगड परत तसाच ठेवा.