बेळगावात व्हॅक्यूम ओव्हनचा काटा ७६० पर्यंत जात नसेल, तर मोठा पंप घ्यावा का?

आपण लिहिले आहे की हळदीच्या अर्कातील अल्कोहोल काढण्यासाठी आपण एक जुना व्हॅक्यूम ओव्हन (पंपाने आतली हवा काढून कमी तापमानात सुकवणारी भट्टी) घेतला असून त्याच्या गेजचा काटा ६७० मिलिमीटरच्या पुढे सरकत नाही. इंटरनेटवरची बहुतेक माहिती अमेरिकेत गांजाचा अर्क काढणाऱ्यांनी लिहिलेली आहे, आणि ती वाचून आपण दुप्पट क्षमतेचा पंप बसवण्याच्या विचारात आहात. तापमान किती व वेळ किती, हेही आपण विचारले आहे. आपण बेळगावातूनच विचारत आहात, म्हणून आधी एवढेच सांगतो की पंपावर एक रुपयाही घालू नका. हीच चूक आमच्या घरात एकदा झाली आहे आणि तिची किंमत आम्ही पैशांत मोजली, त्याहून अधिक संबंधांत मोजली.

मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून रायबाग भागातील हळदीचे ओलिओरेझिन, म्हणजे तेल आणि राळ असलेला दाट अर्क, काढण्याचे छोटे काम करत होतो. गोव्यातील एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेचा ओव्हन पंपासह विकायला होता, तो पाहायला मी एकटा गेलो. तेथे पंप चालू करून पाहिला तेव्हा काटा ७५० वर जाऊन थांबला. मी पैसे मोजले, टेम्पोत खाली गवताच्या पेंढ्या अंथरून त्यांवर ओव्हन ठेवला, आणि चोर्ला घाट व जांबोटी मार्गे रात्री बेळगावच्या उद्यमबागेत पोहोचलो. सकाळी भावाच्या समोर पंप लावला, तर काटा ६८५ वर थांबला. अर्ध्या तासाने पाहिले तरी ६८५. भावाने तेव्हाच निष्कर्ष काढला की घाटातल्या खड्ड्यांत मी पंप निकामी करून आणला, आणि पुढील पंधरा दिवसांत त्याने ८५ हजार रुपयांचा नवा, दुप्पट क्षमतेचा पंप आणून बसवला. त्या पंपाने काटा ६९२ वर नेला. सात आकडे वाढले, तेव्हा तो म्हणाला की मी ओव्हनचे अंगही वाकवले असणार.

कारण साधे होते आणि ते आम्हा दोघांनाही तेव्हा कळले नाही. ओव्हनवर बसवलेले साधे डायल गेज आत किती हवा उरली आहे हे सांगत नाही. बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा आतला दाब किती कमी आहे, एवढेच ते सांगते. समुद्रकाठी बाहेरचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर पारा असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि येथे तो सुमारे ६९५ भरतो, त्यामुळे जगातील सर्वोत्तम पंप लावला तरी येथे काटा ६९५ च्या पुढे जाणार नाही. गोव्यातील ७५० आणि बेळगावातील ६८५ यांचा अर्थ एकच होता, तो म्हणजे आत सुमारे दहा मिलिमीटर उरले होते. जुना पंप अगदी ठणठणीत होता. गोव्याहून आणलेले वेफर्सचे पाकीट घाट चढल्यावर फुगून टणक होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तीच हवा, तोच फरक.

हे लक्षात आल्यावर मी तो जुना पंप, तेच गेज आणि एक जाड काचेची बाटली घेऊन म्हापशाला बहिणीच्या घरी गेलो, तिच्यासमोर पंप लावला, आणि काटा पुन्हा ७५० वर गेला. परत येऊन तीच जोडणी भावाला दाखवली, तेव्हा येथे ६८५ आले. त्याने ते पाहिले आणि त्या दिवशी हवा पावसाळी होती एवढेच म्हटले. पावसाळी हवेने दोन-चार मिलिमीटर हलतात, पासष्ट हलत नाहीत. आजही घरात चार माणसे जमली की तो टेम्पोची गोष्ट काढतो, म्हणून मी हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आता आपल्या ओव्हनबद्दल. आपले ६७० म्हणजे आत सुमारे २५ मिलिमीटर उरले आहेत. हे वाईट नाही, कारण १०० मिलिमीटरलाच अल्कोहोल ३५ अंशांवर उकळते. परंतु कोठेतरी थोडी गळती असू शकते. ओव्हन रिकामा ठेवून काटा स्थिर होऊ द्या, झडप बंद करा, पंप थांबवा आणि तासाभराने पुन्हा काटा पाहा. आमचा काटा एका तासात ६८५ वरून ६१० वर आला होता. मी दाराचे गॅस्केट (हवाबंद करणारी रबरी पट्टी) काढून बोटांत दाबून पाहिले, तर बिजागरीच्या बाजूला ते चपटे आणि कडक झाले होते व कोपऱ्यातील सांध्याला केसाएवढी चीर होती. ते सिलिकॉनचे होते आणि आधीच्या मालकाने अर्क काढायला हेक्झेन हे द्रावक वापरले होते. हेक्झेनच्या वाफेत सिलिकॉन फुगते आणि वारंवार फुगले की खराब होते. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरची ओ-रिंग करणाऱ्या कारागिराने मला खाचेचे माप घेऊन व्हिटॉनची (एका प्रकारच्या कृत्रिम रबराची) दोरी जोडून दिली. त्यानंतर पंपापर्यंतची पातळ रबरी नळी काढून जाड भिंतीची, आखूड आणि रुंद नळी बसवली. तेव्हापासून रात्रभरात काटा पाच आकडेही उतरला नाही. व्हिटॉन अल्कोहोलला चांगले टिकते, पण ॲसिटोन किंवा एथिल ॲसिटेट वापरणार असाल तर ते बसवू नका.

अमेरिकेतील लोकांचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. त्यांच्यातील पुष्कळ जण ब्युटेन वापरतात. ते शून्याच्याही किंचित खाली उकळते आणि बहुतेक आपोआप निघून जाते. त्यांची लढाई घट्ट चिकात अडकलेल्या शेवटच्या बुडबुड्यांशी असते. आपले अल्कोहोल ७८ अंशांचे, सोबत पाणी घेऊन येणारे, आणि शेवटी ते पाणीच मागे राहते. (त्यांचा माल येथे कोणीही करू पाहू नये, गांजाच्या झाडापासून वेगळी केलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात चरस म्हणून गुन्ह्यात येते.)

तापमानाबाबत दारावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. निर्वातात हवा नसल्यामुळे उष्णता मुख्यतः तबकाला टेकलेल्या फळीतून जाते, आणि अल्कोहोल उडताना अर्क स्वतः थंड होतो, त्यामुळे भिंत ६० अंश दाखवत असताना अर्क ३० वर असू शकतो. तापमापकाची तार तबकातच ठेवा, तेथे ४५ ते ५० अंश पुरेसे आहेत, थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. पंपाकडची झडप हळूहळू उघडा, नाहीतर अर्क फेसाळून तबकाबाहेर येतो. किती तास, हे मी सांगणार नाही. दर दोन तासांनी वजन करा आणि वजन घटायचे थांबले की थांबा. वास गेला म्हणजे अल्कोहोल गेले, असे समजू नका. विक्रीचा माल असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे उरलेले द्रावक मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीचा, अहवाल घ्या. औषधांच्या नियमांत अल्कोहोलची मर्यादा ५००० पीपीएम (दहा लाखांत ५००० भाग) आहे, हेक्झेनची अवघी २९०.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते तीन ठिकाणी करा. खरा आतला दाब दाखवणारे गेज घ्या. पंप आणि ओव्हनच्या मध्ये बर्फ-मिठात बुडवलेला सापळा बसवा, म्हणजे बहुतेक वाफ पंपाच्या तेलात जाणार नाही. तेल दुधासारखे पांढरे दिसले की ते वाया गेले. तिसरी वस्तू म्हणजे वीज जाताच आपोआप बंद होणारी झडप. भावाच्या नव्या पंपाला ती नव्हती. एका पावसाळी रात्री वीज गेली, ओव्हनमधील निर्वाताने पंपातले तेल उलटे ओढून घेतले, आणि सकाळी दार उघडले तेव्हा चारही तबकांतील हळदीवर काळपट तेलाचा तवंग होता. जुन्या पंपाला ती झडप मुळातच होती.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ओव्हन हा अल्कोहोलने भिजलेला माल ठेवण्यासाठी नसतो. बहुतेक अल्कोहोल आधी रोटरी इव्हॅपोरेटरवर (फिरत्या फ्लास्कमधून द्रावक उडवून गोळा करणाऱ्या यंत्रावर) काढून मगच तबक भरा, पंपाची बाहेरची नळी खिडकीबाहेर न्या, दाराच्या काचेसमोर ॲक्रिलिकचा पडदा लावा आणि जवळपास ठिणगी पडेल असे काहीही ठेवू नका. रेक्टिफाइड स्पिरिट ठेवण्यासाठी अबकारी खात्याचा परवाना लागतो, तो नसेल तर आधी तो घ्या. आमचा जुना पंप आजही माझ्याकडे चालू स्थितीत आहे. आपल्याला काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर उद्यमबागेत या, मी लावून दाखवीन.